गीत ऐकावे, कान राखावे
(ध्वनिक्षेपक आणि कानातील इयरफोन : एक अभ्यास)



स्मरणिकेत धम्म, शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, महिलांचे प्रश्न अशा विषयांवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. यंदा आम्ही वाचकांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे आपण गाणी किती मोठ्या आवाजात ऐकतो आणि त्याचे आपल्या कानांवर काय परिणाम होतात. विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजाचे निम्मे प्रबोधन गाण्यातून झाले, त्या समाजाने आपल्या कानांची काळजी घेऊ नये, हे योग्य नव्हे.

जयंती जवळ आली की डीजे किती मोठा लावायचा यावर गावोगाव वाद होतात. मंडळाची पोरे एका बाजूला, वडीलधारी दुसऱ्या बाजूला आणि पोलीस मध्ये, असे चित्र आपल्या नशिराबादला काय किंवा जळगाव, भुसावळ, धुळ्याला काय, सर्वांच्या परिचयाचे आहे. मिरवणूक संपली की हा वाद वर्षभरासाठी थांबतो. मात्र त्याच पोराच्या कानात दुसऱ्या दिवशी सकाळपासून इयरफोन असतो आणि त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. मिरवणुकीतला भोंगा आणि कानातले बोंडाएवढे यंत्र यांची तुलना करून दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. जलशापासून खिशातल्या यंत्रापर्यंत

आंबेडकरी चळवळीत गाण्याचे स्थान मोठे आहे. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे सुरू झाले. नाशिक भागातील भीमराव कर्डक यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि माणसाचा गळा एवढ्या भांडवलावर जलसाकार गावकुसाबाहेरच्या वस्तीत उभे राहत. लोक कडे करून जवळ बसत, कारण जवळ बसल्याशिवाय शब्द ऐकू येत नसे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायिली. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आजी-आजोबांना चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, १९५६ ची धम्मदीक्षा हा सारा इतिहास प्रथम कानांनीच समजला. तो त्यांच्यापुरता त्यांचा ग्रंथ होता.

नंतर कर्णे आले. उंच बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून सभेचा आवाज दूरच्या वस्तीपर्यंत जाऊ लागला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटी गावोगाव पोहोचल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत ऐकू येऊ लागले. तेव्हा एका टेपभोवती सारे घर, कधी कधी सारी गल्ली ऐकत असे. आवाज वाढला तर आजी आतून ओरडत असे, आणि तो कमी होत असे.

सोनी या जपानी कंपनीने १९७९ साली वॉकमन बाजारात आणला आणि ऐकण्याची रीतच बदलली. गाणे सर्वांचे होते ते एकट्याचे झाले. वॉकमन आपल्याकडे फार थोड्या घरांत आला. पुढे मोबाईल फोनमध्ये मेमरी कार्ड आले, पंचवीस-पन्नास रुपयांत शेकडो गाणी भरून देणारी दुकाने बाजारपेठेत निघाली, आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर तर गाण्यांना तोटाच राहिला नाही. आज शेतमजुराच्या, जिनिंगमधल्या हमालाच्या, कॉलेजच्या मुलीच्या, सर्वांच्या खिशात हे यंत्र आहे. ही प्रगतीच आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण टेपच्या काळात आवाजावर घरातल्या माणसांचा लगाम होता, तो इयरफोनमुळे सुटला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२. कान कसा ऐकतो?

आवाज म्हणजे हवेतील कंप. हे कंप कानाच्या पडद्यावर आदळतात, पडद्यामागील तीन इवल्या हाडांमार्फत ते आत जातात आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळणाच्या नळीत पोहोचतात. या नळीत द्रव असतो आणि तेथे अत्यंत सूक्ष्म केसांसारखे टोक असलेल्या पेशी असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार असतात. द्रव हलला की या पेशी वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज.

गव्हाच्या शेतातून वाऱ्याची झुळूक गेली की ओंब्या लवतात आणि पुन्हा उभ्या राहतात. वादळ झाले की पीक आडवे पडते. केशपेशींचेही तसेच आहे. फरक इतकाच की शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा पेरणी करतो, परंतु माणसाच्या कानातील मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. जन्माला येताना जे मिळाले तेवढेच आयुष्यभर पुरवायचे असते.

मिरवणुकीतून घरी आल्यावर कान बधिर वाटतात, आत शिटी वाजल्यासारखे होते, समोरचा काय बोलतो ते नीट कळत नाही. सकाळपर्यंत बहुधा बरे वाटते आणि माणूस विसरून जातो. ती शिटी म्हणजे कानाने दिलेली सूचना होय. वारंवार तसे घडले तर काही पेशी कायमच्या जातात. शिटीही कधी कधी कायमची राहते, आणि रात्रीच्या शांततेत तीच झोप उडवते.

आवाजामुळे येणारे बहिरेपण एकदम येत नाही. प्रथम उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी जातात. स, श, फ, ख, थ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. म्हणून असा माणूस "मला ऐकू येते, तुम्हीच नीट बोलत नाही" असे म्हणतो. शाळकरी मुलाच्या बाबतीत हे घडले तर गुरुजींचे अर्धे वाक्य निसटते, आणि मुलाचे लक्ष नाही असा ठपका त्याच्यावर येतो.

३. डेसिबल आणि आठवड्याचा शिधा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. शांत खोलीतले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. या मोजणीत एक खोच आहे. आकडा तीनने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि दहाने वाढला की दहापट. ९० म्हणजे ८० पेक्षा 'थोडे जास्त' असे वाटते, पण कानावर पडणारा भार दहापट असतो. आपल्याला मात्र तो आवाज जेमतेम दुप्पट मोठा भासतो. कान फसतो तो येथे.

खानदेशातल्या माणसाला हे उन्हाच्या उदाहरणाने चटकन कळेल. मे महिन्यातल्या उन्हात पाच मिनिटे उभे राहिल्याने काही होत नाही, आणि दिवसभर उघड्या डोक्याने उभे राहिले तर ऊन लागते. ऊन किती कडक आणि किती वेळ, या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो. आवाजाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली खिशातल्या यंत्रांसाठी जी मानके ठरविली, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. याला आपण आठवड्याचा शिधा म्हणू. आवाज तीन डेसिबलने वाढला की तोच शिधा निम्म्या वेळात संपतो. मोठ्या माणसांसाठीचा हिशेब असा :

८० डेसिबल – आठवड्यात ४० तास
८३ डेसिबल – २० तास
८६ डेसिबल – १० तास
८९ डेसिबल – ५ तास
९२ डेसिबल – अडीच तास
९५ डेसिबल – सव्वा तास
९८ डेसिबल – सुमारे ३८ मिनिटे
१०१ डेसिबल – सुमारे १९ मिनिटे

आता दोन माणसांची कल्पना करू. पहिला वर्षातून एकदा जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या जवळ चार तास नाचतो, आणि तेथे सरासरी ९८ डेसिबल आवाज आहे असे धरू. त्याने एका संध्याकाळी सहा आठवड्यांहून अधिक शिधा संपविला. दुसरा मिरवणुकीला गेलाच नाही. पण तो रोज दोन तास इयरफोन लावतो आणि ९२ डेसिबलने ऐकतो. आठवड्याचे झाले चौदा तास. शिधा अडीच तासांचा. म्हणजे त्याने साडेपाच आठवड्यांचा शिधा एका आठवड्यात खाल्ला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढाच खाणार. पहिल्याची मिरवणूक वर्षातून एकदा निघते. दुसऱ्याच्या कानात ती जवळजवळ दर आठवड्याला निघते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

येथे कोणी असे समजू नये की पहिल्याने फारसे बिघडवले नाही. फार मोठ्या आवाजाचा एकच प्रसंगही कानाला कायमची इजा करू शकतो. आमचे म्हणणे एवढेच की, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

हा शिधा केवळ गाण्यांसाठी नाही, हेही लक्षात ठेवावे. जिनिंग प्रेसमध्ये, पीठगिरणीवर, कारखान्यात, ट्रॅक्टरवर जो आठ तास काम करतो त्याचा बराच शिधा मालकाच्या यंत्रानेच संपविलेला असतो. त्याच्या कानाला संध्याकाळी विश्रांती हवी असते. अशा वेळी त्याने कंटाळा घालविण्यासाठी कानात मोठ्याने गाणी लावली तर कानाला सुट्टी मिळतच नाही. आपला समाज मोठ्या संख्येने अशाच कामांत आहे, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा.

४. भोंगा आणि इयरफोन : फरक कोठे?

पहिला फरक अंतराचा. मोकळ्या जागेत एका भोंग्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर १०० डेसिबल असेल तर चार मीटरवर ९४, आठ मीटरवर ८८ आणि सोळा मीटरवर ८२. दहा-पंधरा पावले मागे सरकणे हेच केवढे मोठे औषध आहे पाहा! अरुंद गल्लीत मात्र भिंतींवरून आवाज परततो आणि इतका उतरत नाही. भोंग्यांची उंच भिंत रचली असेल तरीही तो लवकर उतरत नाही. इयरफोनपासून मागे सरकण्याची सोयच नाही. तो पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर बसतो, आणि आपण जिथे जाऊ तिथे तो येतो. तेथे आवाज कमी करणे आणि वेळ कमी करणे हे दोनच उपाय उरतात.

दुसरा फरक संमतीचा. भोंग्याचा आवाज त्यालाही ऐकावा लागतो ज्याने तो मागितला नाही. पाळण्यातले बाळ, आजारी माणूस, बाळंतीण, रात्रपाळी करून झोपलेला रेल्वे कामगार, परीक्षेला बसलेला विद्यार्थी यांना कोणी विचारीत नाही. इयरफोन या बाबतीत सभ्य आहे. तो शेजाऱ्याला त्रास देत नाही. पण ज्याच्या कानात आहे त्याचे नुकसान तो गुपचूप करतो. भोंग्याबद्दल तक्रार करायला शेजारी असतो, इयरफोनबद्दल तक्रार करणारा कोणी नसतो.

तिसरा फरक भोवतालच्या गोंगाटाचा. घरात शांततेत माणूस इयरफोनवर बेताच्या आवाजात ऐकतो. तोच जळगावला जाणाऱ्या एस.टी.त बसला की इंजिन, खिडक्यांचा खडखडाट आणि हॉर्न यांच्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवितो. उतरल्यावर कमी करायचे विसरतो. गोंगाट दाबण्यासाठी गाणे मोठे करणे म्हणजे कानावर गोंगाट आणि गाणे असे दुहेरी ओझे घालणे. कानाचे भोक नीट बंद करणाऱ्या रबरी टोकाच्या इयरफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कमी येतो, म्हणून कमी आवाजात भागते. परंतु रस्त्यावर तसे करू नये. नशिराबाद हे महामार्गालगतचे गाव आहे. कानात बोंडे घालून मोटारसायकल चालविणे, महामार्ग किंवा रेल्वे रूळ ओलांडणे यात जिवाचाच धोका आहे.

चौथा फरक ठेक्याचा. मोठ्या स्पीकरवरचा खर्जाचा ठोका छातीत जाणवतो, सारे अंग ऐकते. इयरफोनमध्ये छातीला काही जाणवत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी माणूस आवाज वाढवितो. शिवाय आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. म्हणून तेच गाणे कमी आवाजात 'फिके' वाटते आणि मोठ्यात 'भारी' वाटते. गाणे तेच असते. तो कानाचा स्वभाव आहे, हे समजले की मोह आवरता येतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज चढतो-उतरतो, मधे थांबतो. अलीकडची अनेक मिश्रणे, विशेषतः डीजेसाठी केलेली, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकसारखी भरगच्च मोठी असतात. जुने गाणे ऐकताना आवाज वाढविला आणि लगेच पुढे नवे मिश्रण लागले की कानावर एकदम घाव बसतो. ऐकणाऱ्याने गाणे बदलताना बोट आवाजाच्या बटणावर ठेवावे.

५. मान, मिरवणूक आणि कायदा

"आमच्याच जयंतीचा आवाज का खुपतो?" असा प्रश्न तरुण विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाच्या नवरदेवाला गावातून वाजत-गाजत जाण्याची मनाई होती, ज्याने आवाज चढवून बोलणे हा गुन्हा मानला जात असे, त्या समाजाला मोठा आवाज हा आपल्या स्वातंत्र्याचा पुरावा वाटला तर त्यात नवल नाही. मिरवणूक हा आपला हक्क आहे आणि तो बाबासाहेबांच्या संविधानाने दिला आहे. तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

पण हक्काची उंची डेसिबलने मोजायची नसते. त्याच संविधानाच्या २१ व्या कलमाने शेजाऱ्याला जगण्याचा जो हक्क दिला, त्यात शांततेने जगणेही येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ च्या निकालात ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले. हे निकाल सर्व धर्मांना, सर्व उत्सवांना सारखेच लागू आहेत. एखाद्या गावात कायदा एकालाच दाखविला जात असेल तर त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने दाद मागावी. दुसऱ्याने मोडला म्हणून आपणही मोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कार्यकर्त्यांना पाठ असाव्यात अशा मुख्य तरतुदी ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून आवाज जास्त नसावा. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस शासन मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, आणि तो दिवस कोणता हे जिल्हा प्रशासनाच्या आदेशात पाहावे. सूट ही वेळेची असते. आवाजाची मर्यादा त्या दिवशीही कायम असते, याचा अनेकांना विसर पडतो.

६. धम्म काय सांगतो?

तथागतांच्या काळी विजेचा भोंगा नव्हता, पण आवाजाविषयीची जाण होती. अंगुत्तरनिकायात सोण कोळिविस या भिक्खूची कथा येते. अतिश्रमाने चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले आणि तो निराश झाला. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्ही वेळा सोणाने नाही म्हटले. तारा योग्य ताणावर लावल्या तरच वीणा वाजते. मध्यम मार्ग समजावून सांगायला भगवंतांनी संगीताचेच उदाहरण घेतले, ही गोष्ट आपल्या मंडळांनी जरूर लक्षात ठेवावी.

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो. तेव्हा भगवंत त्याची प्रशंसा करतात ती अशी की, तुझ्या तारांचा आवाज गाण्याला झाकत नाही आणि गाणे तारांना झाकत नाही. चांगल्या संगीताची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. आज डीजेवर भीमगीत लागते तेव्हा ठोक्याखाली शब्द झाकला जातो काय, हे आपण आपल्यालाच विचारावे. वामनदादांनी शब्दासाठी आयुष्य वेचले. त्यांचा शब्दच ऐकू येत नसेल तर वाजते ते भीमगीत कसले?

मज्झिमनिकायातील चातुम सुत्तात तर नव्याने आलेले भिक्खू राहण्याची व्यवस्था लावताना फार गलका करतात. हे मासे पकडणाऱ्या कोळ्यांसारखे कोण ओरडत आहेत, असे विचारून भगवंत त्यांना परत पाठवितात, आणि पुढे शाक्यांच्या विनंतीवरून पुन्हा बोलावून घेतात. शिस्त आणि करुणा दोन्ही त्यात आहेत. आपल्या तरुणांशीही असेच वागावे लागेल. हाकलून देऊन ते सुधारणार नाहीत आणि मोकळे सोडूनही सुधारणार नाहीत.

स्वतः बाबासाहेबांना संगीताची आवड होती. उतारवयात, कामाच्या आणि आजाराच्या ओझ्याखाली असतानाही ते व्हायोलिन शिकत होते. व्हायोलिन हे हळुवार ऐकण्याचे वाद्य आहे. त्यांच्या जयंतीला अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तोही आपल्याच परंपरेचा भाग आहे. ज्या वस्तीत मुले पुस्तक घेऊन बसली आहेत त्याच वस्तीत रात्री उशिरापर्यंत भिंती हादरत असतील, तर आपण आपलाच एक उपक्रम दुसऱ्याने मोडतो आहोत.

७. आपण काय करावे?

मंडळांसाठी :
(१) भोंगे माणसांच्या कानाच्या उंचीवर न ठेवता उंच ठेवावेत आणि दोरी बांधून समोर निदान पाच-सहा मीटर जागा मोकळी ठेवावी. लहान मुलांना गाडीजवळ येऊ देऊ नये.
(२) आवाज मोजण्याचे साधन मोबाईलवर मिळते. ते तंतोतंत नसले तरी अंदाज देते. एका कार्यकर्त्याकडे केवळ हेच काम द्यावे.
(३) दर तासाला पंधरा मिनिटे डीजे बंद ठेवून डफ, लेझीम किंवा बिगर ध्वनिक्षेपकाचे गायन ठेवावे. कानाला विश्रांती आणि कलावंताला संधी, दोन्ही साधतील.
(४) दवाखाना, शाळा आणि आजारी माणसाचे घर यांसमोर आवाज उतरवावा. हे आधीच मार्ग पाहून ठरवावे.
(५) डीजे चालविणारा आणि ढोल वाजविणारा यांना फोमचे कानबोळे द्यावेत. ते थोड्या पैशांत मिळतात. आपला प्रदेश कापसाचा, म्हणून कानात कापसाचा बोळा घालण्याची सवय आहे, पण त्याने फारसा बचाव होत नाही.

इयरफोन वापरणाऱ्यांसाठी :
(१) आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. हातभर अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि तो ऐकू आला नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे.
(२) तासभर ऐकल्यावर दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. इयरफोन लावून झोपू नये.
(३) आवाज धोक्याच्या पातळीवर गेला की बहुतेक फोन सूचना देतात. ती बोटाने बाजूला सारू नये. अनेक फोनमध्ये कमाल आवाज बांधून ठेवण्याची सोय असते, मुलांच्या फोनवर ती आईवडिलांनी लावून द्यावी.
(४) घरात शक्य तेव्हा इयरफोन काढून लहान स्पीकरवर बेताच्या आवाजात सर्वांनी मिळून ऐकावे. आजीलाही गाणे मिळेल आणि आवाजावर तिचा लगामही राहील.

सर्वांसाठी :
कानात सतत शिटी, एका कानाने कमी ऐकू येणे, टीव्हीचा आवाज दिवसेंदिवस वाढवावा लागणे ही लक्षणे दिसली तर घरगुती तेल न घालता सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन आहे. विहारात त्या दिवशी श्रवणतपासणीचे शिबिर घेता येईल काय, याचा विचार आपल्या संस्थेने करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

समारोप

आम्ही कोणाचा उत्साह मारण्यासाठी हे लिहिलेले नाही. जयंती जोरातच झाली पाहिजे, गाणी वाजलीच पाहिजेत. फक्त ती अशी वाजावीत की शब्द कळेल, शेजारी सहभागी होईल आणि वीस वर्षांनी आजचा तरुण आपल्या नातवंडाचा बोबडा बोल ऐकू शकेल. पहिले शील कोणत्याही जिवाला इजा न करण्याचे आहे. त्यात शेजाऱ्याचे कान येतात आणि आपले स्वतःचेही येतात. पुढच्या पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर प्रत्येक उपासक-उपासिकेने घरातल्या एका मुलाचा फोन हाती घेऊन आवाजाची पट्टी कोठे आहे ते पाहावे आणि त्याच्याजवळ बसून हा हिशेब त्याला समजावून सांगावा. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.

जयभीम! नमो बुद्धाय!